कागदावरचा कुत्रा

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून टाकतो. मी कुत्र्याला भीत नाही. जळगावला मेहरूणमध्ये आमच्या घरासमोर रोज सहा-सात कुत्री पसरलेली असतात, त्यांच्यामधून मी चप्पल फटफटवत दूध आणायला जातो. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की आमच्या गावात आज कोणालाही विचारा, 'हितेंद्र नेहेते कोण?' तर तो सांगेल, 'कुत्र्याला घाबरून ट्यूबवेलच्या खोलीवर चढले ते.' या सांगण्याला सरकारी कागदाचा आधार आहे. कागदावरची सही माझी आहे, आणि सव्वीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला सहीची किंमत दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नाही.

तर आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, आम्ही गावी आलो होतो. गाव सावद्यापासून सहा किलोमीटरवर, चारही बाजूंनी केळी. एकोणपन्नासाव्या वर्षी मी मेहरूण तलावाभोवती पळणाऱ्या एका ग्रुपात शिरलो आहे, आणि त्या ग्रुपचा गुरू तेजस, जो माझ्या निम्म्या वयाचा आहे आणि मला 'काका, छान' एवढंच म्हणतो, त्याने सुट्टीसाठी काम दिलं होतं: ट्रेल रन. ट्रेल रन म्हणजे जिथे रस्ता नाही तिथे पळायचं. हे मी चुलतभावाला, नवीनभाऊला, रात्री जेवताना समजावून सांगितलं. त्याने हातातला घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे वावरात पयायचं?"

"हो."

"कोणी मागं लागलेलं नसताना?"

"व्यायाम असतो तो, भाऊ."

"अरे, मग माह्या बागेत फेरी मार. झुलालले सांगून ठेवतो, नाईतर चोर समजून दगड मारीन तो तुले."

झुलाल हा नवीनभाऊचा सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने राहिलेला गडी. सोनगीरच्या पलीकडचा. तो आणि त्याची बायको भिकुबाई बागेतल्याच झोपडीत राहत. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं. आखाजी शुक्रवारी होती, म्हणजे पाच दिवसांनी दोघं आपल्या गावी जायला मोकळे होते.

सोमवारी पहाटे साडेपाचला मी निघालो. मे महिना, दिवसा पंचेचाळीसचा पारा, पण त्या वेळी केळीत गारवा असतो. दोन बागांच्या मधली बैलगाडीची वाट, दोन्हीकडून पानांची कमान, बुंध्यांना लोंबलेली वाळकी पानं. नवे बूट होते. मनगटावर वेग सांगणारं घड्याळ होतं. आपण अगदीच टाकाऊ माणूस नाही असं वाटायला लावणारी ती वेळ होती, हे मी कबूल करतो.

ठिबकचा एक व्हॉल्व्ह गळत होता आणि वाटेवर त्याचं डबकं झालं होतं. डबक्यावर वासरू पाणी पीत होतं. मी त्याला "हैक" केलं. वासराने मान वर केली आणि ते वासरू नव्हतं.

बिबट्या होता. अंगावरचे ठिपके मोजता आले असते, पण तेवढा वेळ मी थांबलो नाही. माझ्या घड्याळात त्यानंतरच्या ऐंशी मीटरचा वेग नोंदलेला आहे, आणि आमच्या ग्रुपात तेवढा वेग आजवर कोणाचाही नाही, तेजससकट. ट्यूबवेलच्या खोलीला शिडी नाही. मी वर कसा पोचलो ते मला आठवत नाही. पोटरीला पत्र्याची धार लागली तेवढी आठवते. मी 'मेलो मेलो' ओरडत होतो असं गाव म्हणतं. मी 'झुलाल' असं ओरडत होतो.

झुलालचा कुत्रा काळ्या आधी धावला. छातीने जमीन खरवडल्यासारखा भुंकत होता तो. त्याच्या मागे भिकुबाई, हातात तेलाचा रिकामा डबा, तो काठीने बडवत, आणि तिच्या मागे बॅटरी घेऊन झुलाल. बिबट्या थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग घाई न करता केळीत शिरला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, हे मला त्या क्षणीही जरा लागलं.

"उतरा साहेब, खाले उतरा. गया तो," भिकुबाई म्हणाली.

मी उतरायला घाबरत होतो. साठीला टेकलेल्या त्या बाईने खाली उभं राहून आपला खांदा दिला, त्यावर पाय ठेवून मी जमिनीवर आलो. नेमका त्याच वेळी दूधवाला बांधावरून जात होता. त्याला एवढंच दिसलं: अर्ध्या चड्डीतला नेहेते साहेब, बाईच्या खांद्यावर पाय, आणि समोर भुंकणारा कुत्रा.

भिकुबाईने मला पाणी दिलं. झोपडीला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. "तिसरा येळ उना तो," ती म्हणाली. "काळ्या भुकस म्हनीसन जास. आम्ही भाऊले सांगं, भाऊ म्हने, कुत्रं व्हई. आमनं कोन आयकस? तुम्ही साहेब लोक. तुम्ही तुमना डोयानी देखं. तुम्ही जंगलवालास्ले सांगा, मंग पिंजरा येई."

झुलाल मागून म्हणाला, "पिंजरा येस तवलोंग गावमा झोपू द्या म्हना, साहेब. बस."

बिबट्या तिसऱ्यांदा आला होता, काळ्या भुंकतो म्हणून जात होता, आणि नवीनभाऊ 'कुत्रं असेल' म्हणून उडवून लावत होता. त्यांचं मागणं एवढंच होतं. पिंजरा येईपर्यंत रात्री गावात झोपू द्यावं, आणि माझ्यासारख्याने एक ओळ लिहून द्यावी. ज्या बाईच्या खांद्यावर दोन मिनिटांपूर्वी माझा बूट होता तिला मी म्हणालो, "आजच्या आज सांगतो. आईची शपथ." घरी येता येता मी वनरक्षकाचा नंबरही शोधून मोबाइलमध्ये घातला. दीपक, वनरक्षक. इथपर्यंत माझं वागणं सरळ होतं, ही नोंद घ्यावी.

नवीनभाऊ ओट्यावर चहा पीत होता. सगळं ऐकून त्याने कप खाली ठेवला.

"हितू, तू काय पाह्यलं?"

"बिबट्या."

"नाई. तू कुत्रं पाह्यलं."

मग त्याने समजावलं. गुरुवारी त्या बागेची कापणी. चाळीस माणसांची टोळी ठरलेली, उत्तरेकडे जाणारे दोन ट्रक ठरलेले. या उन्हात घड दोन दिवस जास्त राहिला तर झाडावरच पिवळा पडतो. बिबट्याचं नाव निघालं की टोळी बागेत पाऊल टाकत नाही, मग बिबट्या असो वा नसो. "गुरुवारी सांजेले मी सोता तुले फॉरेस्टच्या हापिसात नेतो. गाडी माही. तीन दिवसात काय होते?"

"मग झुलालला तरी गावात आण."

"अन् बाग कोण राखीन? केबल चोरतात रात्री. आन् सालदार बागेतून उठला का गावाले समजते. मंग टोळीले समजते."

माझी बायको कामिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "राहू द्या ना हो. त्यांच्या घरी पाहुणे आलोय आपण. तीनच तर दिवस." मी मोबाइल खिशात ठेवून दिला. आणि वाचकहो, त्या वेळी मला काय वाटत होतं ते सांगू? मला वाटत होतं की त्याग मी करतो आहे. बिबट्यासमोरून वाचलेला माणूस म्हणून मेहरूणला माझी केवढी शान झाली असती! तेजसने मला ग्रुपचा उपाध्यक्ष केलं असतं. ते सगळं सोडून मी भावासाठी कुत्र्याला भ्यालेला माणूस व्हायला तयार झालो. मला स्वतःबद्दल गहिवरून आलं. झुलाल त्या गहिवरात कुठेच नव्हता.

आठ वाजेपर्यंत दूधवाल्याने आपलं काम केलं. शेजारच्या सुनंदाकाकू सगळ्यात आधी आल्या. त्यांनी माझी पोटरी पाहिली.

"चावलं ना?"

"पत्रा लागलाय, काकू."

"भेलेल्या माणसाले समजत नाई, पत्रा का दात." आणि त्यांनी त्यांच्या माहेरच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. तोही पत्राच म्हणत होता. शेवटी तो पाण्याला भ्यायला लागला. ही गोष्ट त्यांनी माझ्या बायकोकडे तोंड करून सांगितली, मी आधीच गेलेला असल्यासारखी. मग लाल तिखट आलं, ते जखमेत दाबून भरलं गेलं, आणि तेव्हा मी जो ओरडलो त्यावरून ओट्यावरच्या मंडळींनी कुत्रं पिसाळलेलंच असल्याचा निष्कर्ष काढला. मला नवीनभाऊच्या मोटारसायकलवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

आता मागे फिरायला जागा होती का? होती. डॉक्टरने सरळ विचारलं, "कोणता प्राणी?" नवीनभाऊ शेजारी उभा होता. टेबलावर छापील फॉर्म होता. प्राणी: कुत्रा. पाळीव की भटका: भटका. ठिकाण: नवीन नेहेते यांची केळीबाग. सही: हितेंद्र नेहेते. अक्षर माझं चांगलं आहे, कचेरीत सगळे म्हणतात. मग दंडात पहिलं इंजेक्शन आणि हातात पुढच्या तारखांचं कार्ड. न चावलेल्या, न पिसाळलेल्या, मुळात नसलेल्या कुत्र्यावर मला पाच इंजेक्शनं घ्यायची होती.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हसत हसत सांगितलं असतं. पण दवाखान्याच्या कागदाची नक्कल ग्रामपंचायतीत गेली, आणि सरपंच चुडामणआप्पांच्या निवडणुकीला दोन महिने होते. जळगावहून आलेल्या साहेबाला गावात कुत्रं चावतं, ही गोष्ट आप्पांनी मनाला लावून घेतली. ते स्वतः माझ्या समाचाराला आले. "साहेब, चोवीस तासात बंदोबस्त करतो," म्हणाले. मी म्हटलं, "आप्पा, खरंच गरज नाही." त्यांना तो माझा मोठेपणा वाटला.

मंगळवारी एक ट्रॅक्टर, जाळी घेतलेले चार जण आणि फोटो काढायला एक जण, असा ताफा निघाला. गावात पन्नास तरी कुत्री असतील. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून ती सगळी शिवारात पसार झाली. घटनेचं ठिकाण म्हणून कागदावर जे लिहिलं होतं तिकडे मग ताफा वळला. बागेत काळ्या होता. नवीनभाऊच्या सांगण्यावरून झुलालने त्याला सोमवारीच साखळीने बांधून ठेवलं होतं, उगाच कोणी आपल्या कुत्र्यावर आळ घेऊ नये म्हणून. अख्ख्या गावात एकच कुत्रं सापडलं, जे बांधलेलं होतं ते. त्याला तापीच्या पलीकडे नेऊन सोडलं. आप्पांचा जाळीसकट फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आला, खाली माझे आभार.

बुधवारी दुपारी उन्हातून चालत झुलाल घरी आला. ओट्यावर चढला नाही. खालीच उभा राहिला.

"साहेब, काळ्याले लई गयात."

"कळलं मला, झुलालभाऊ."

"तुम्ही कागद लिखी दिधा म्हनतस."

आत कापणीच्या टोळीसाठी दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांची निवडानिवड चालली होती. नवीनभाऊ मोबाइलवर ट्रकवाल्याशी बोलत होता, पण डोळे माझ्याकडे.

"जंगलवालास्ले बिबट्यानं सांगं का तुम्ही?" झुलालने हळूच विचारलं.

"उद्या संध्याकाळी सांगतो. नक्की. एक रात्र काढा. ही बॅटरी घ्या, लांब उजेड पडतो." माझी पळायला जाताना डोक्याला बांधायची बॅटरी होती ती. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"बरं," म्हणाला आणि गेला.

तो फाटकाबाहेर गेल्यावर मी मोबाइल काढला. दीपक, वनरक्षक. नंबरावर बोट ठेवलं. मग मला वाटलं, आता सांगितलं तर तो विचारणार, सोमवारी का नाही सांगितलं? मग दवाखान्याचा फॉर्म निघणार, खोटी माहिती दिली म्हणून माझ्या कचेरीत कळणार, नवीनभाऊ जन्मभर तोंड बघणार नाही. आणि आता राहिलीच होती किती, एक रात्र. मी बोट काढून घेतलं. खरं सांगतो, त्यानंतर मला दुपारची झोपही लागली.

गुरुवारी पहाटे टोळी बागेवर पोचली तेव्हा लांबूनच त्यांना डबा बडवल्याचा आवाज येत होता. भिकुबाई झोपडीसमोर उभी राहून डबा बडवत होती. काठी मोडली होती म्हणून ती दगडाने बडवत होती. टोळी येणार म्हणून झुलाल अंधारातच फाटक उघडायला उठला होता. तो तीस पावलांवर केळीत पडलेला होता, कपाळावर माझी बॅटरी, आणि ती चालू होती. मानेचं मी लिहीत नाही. मी ते पाहिलं आहे, तेवढं पुरे.

टोळीने विळे तिथेच टाकले आणि सगळी माणसं निघून गेली. ट्रक रिकामे परत गेले. ज्यासाठी हे सगळं केलं ते घड पुढच्या चार दिवसांत झाडांवरच पिवळे पडले.

वनखात्याची माणसं आली. दीपक म्हणजे पंचविशीतला मुलगा निघाला, धुळीने भरलेला. तो गुडघ्यावर बसून ठसे शोधत होता. चाळीस जणांची टोळी आणि मग अख्खं गाव तिथून चालून गेलं होतं, ठसे कुठले राहणार? त्याच्याबरोबर एक वयस्क अधिकारी होते, ते खुर्चीवर बसून पंचनामा लिहीत होते. "या भागात बिबट्या आधी कोणी पाहिला का?" त्यांनी विचारलं. तेव्हा चुडामणआप्पांनी पुढे होऊन खिशातून घडी घातलेली नक्कल काढली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पंचायत जागरूक होती एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

अधिकाऱ्यांनी कागद वाचला. "सोमवारी याच बागेत भटक्या कुत्र्याचा हल्ला. अस्सं." आणि ते लिहायला लागले.

"साहेब, तो बिबट्या होता," मी म्हणालो. "मी पाहिला. मी पाहिलाय तो. पंधरा पावलांवरून."

"आपण?"

"हितेंद्र नेहेते."

त्यांनी कागदावरची सही पाहिली, मग मला पाहिलं. "ही सही आपली?"

"माझीच. पण ते खोटं आहे. हे बघा," मी मनगट पुढे केलं, "हा वेग बघा. कुत्र्यासाठी माणूस एवढा पळतो का?" मागे कोणीतरी हसलं. तशा जागी, तशा वेळी, लोक हसले. मी नवीनभाऊकडे पाहिलं. तो पिवळ्या पडायला लागलेल्या घडांकडे बघत होता.

"नेहेते साहेब, आपण सरकारी नोकर," अधिकारी शांतपणे म्हणाले. "लिहून दिलेलं धरायचं की बोललेलं, हे आपल्याला मी सांगायला नको. शवविच्छेदनाचा अहवाल येऊ द्या. तोवर प्राथमिक अंदाज कुत्र्यांचा. पिंजऱ्याचं नंतर बघू."

दीपक उठून माझ्याजवळ आला. "मला माहितीय तो बिबट्याच आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पिंजरा मागवायला मला सोमवारी तुमची एक ओळ पुरली असती, साहेब."

भिकुबाई झोपडीच्या तोंडाशी बसली होती. मी तिच्याकडे धावलो. तिच्यापुढे मी खरोखर हात जोडले. "भिकुबाई, तुम्ही सांगा यांना. तुम्ही होतात ना सोमवारी. बिबट्या होता ना?"

तिने अधिकाऱ्यांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "मी काय सांगू?" ती म्हणाली. "मी अडानी बाई. साहेबनी कागदवर लिखं शे ना, तेच खरं."

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. साहेबाने लिहिलं म्हणजे त्याला काहीतरी कारण असेल, असं तिला वाटत होतं.

शवविच्छेदन होऊन दुपारी चारला झुलाल परत मिळाला. सोनगीरच्या बाजूला नेण्यासाठी टेम्पो उभा होता. दुसऱ्या दिवशी आखाजी, त्यांचं वर्ष भरायला एक दिवस कमी होता. भिकुबाई मागे त्याच्याजवळ बसली. डबे, चूल, एक गोधडी, एवढाच संसार बाजूला. मी टेम्पोच्या फळीला धरून उभा राहिलो. म्हणालो, मी येतो तुमच्याबरोबर. घरापर्यंत येतो. आणि मी रडायला लागलो, सगळ्या गावासमोर, आणि त्या वेळी मला कोणाचीही लाज वाटली नाही.

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझा हात फळीवरून हळूच सोडवला.

"नका येऊ, साहेब. रात व्हई जाई परत येता येता," ती म्हणाली. "घर जा, झोपा येळवर. सकायमा पयाले जानं ऱ्हास ना तुमले."

ती मला टोमणा मारत नव्हती. सकाळी मला पळायचं असतं, ते चुकू नये, याची तिला काळजी वाटली होती.